ट्टॉक! हे मोठ्याने वाचायचं कसं?

तळटीप

मंडळी, अडचण खरी आहे, हसू नका. (हसलात तरी चालेल.)

लेक आठ वर्षांची. शाळा इंग्रजी माध्यमाची. घरात मराठी फर्डं बोलते, पण वाचताना जोडाक्षर आलं की गाडी रुळावरून घसरते. म्हणून रात्री झोपताना मी वाचायचं, तिने ऐकायचं आणि जमेल तिथे बोट ठेवून सोबत वाचायचं, असा आमचा करार आहे. त्या करारात परवा भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, म्हणजे बनेश ऊर्फ बन्या फेणे आला. माझीच जुनी प्रत, माहेरून आणलेली. खाकी कागदाचं कव्हर, आतल्या पानावर माझं नाव, इयत्ता, तुकडी आणि खाली ठळक अक्षरात "हे पुस्तक ढापणाऱ्यास गणिताचा पेपर अवघड जाईल".

छान चाललं होतं. मग बन्याच्या डोक्यात काहीतरी चमकलं आणि तो म्हणाला, "ट्टॉक!"

मी वाचलं, "टॉक."

लेक म्हणाली, "कुणाशी?"

"काय कुणाशी?"

"टॉक म्हणजे बोल ना? मग कुणाशी बोल?"

मी पुन्हा वाचलं, जरा जोर देऊन. "टट्टॉक." ती खो खो हसली आणि म्हणाली, आई, तुला वाचता येत नाहीये. जोडाक्षरांवरून मी तिला रोज टोकते, त्याचा पुरेपूर बदला घेतला तिने.

तेव्हा लक्षात आलं की लहानपणी मी ही सगळी पुस्तकं मनातल्या मनात वाचली होती. डोळ्यांपुढे अक्षरं होती, कानात आवाज होता, पण तोंडाने तो शब्द मी कधी उच्चारलाच नव्हता. तर जाणकारांनो, ट्टॉक नेमकं कसं वाचायचं? आणि तिला भा. रा. भागवतांचं पुढे काय वाचून दाखवू? वीसही फेणे ओळीने वाचायची तयारी आहे, पण इतर काही असेल तर सांगा.


खुंटीवरची_टोपी

पहिल्यांदा एक सांगतो. ट्टॉक हा शब्द नाही, आवाज आहे. जीभ टाळूला चिकटवायची आणि झटकन खाली ओढायची. आम्ही वर्गात हेच करायचो आणि मास्तरांचा खडू खायचो. पुस्तकातला बन्या असंच करतो, याबद्दल आम्हाला कधी शंका आली नाही. पिढ्या बदलल्या म्हणायचं!


घोषअघोष

तळटीपताई, तुमच्या लेकीचं बरोबर आणि तुमचंही. मराठीत शब्दाची सुरुवात द्वित्त व्यंजनाने होत नाही. "खट्टा", "पट्टा", "अट्टल" यांत ट्ट मधे येतो, कारण आधी एक स्वर लागतो आणि त्याच्या आधाराने ट वर थांबता येतं. "ट्टॉक"ला तो आधारच नाही. त्यामुळे वाचणाऱ्याला बोलण्याआधी जीभ टाळूला लावून दबा धरावा लागतो. भागवतांनी लिपीतून नेमकं हेच करून घेतलंय. तो जास्तीचा ट उच्चारायला नाहीच, तो जीभ कुठे ठेवायची त्याची सूचना आहे.

शिवाय हा आवाज श्वास बाहेर सोडून निघत नाही, जीभ ओढून निघतो. असे आवाज आपण दिवसभर काढतो, पण आपल्याकडे त्यांना अक्षर नाही. हळहळताना आपण चुकचुकतो, भिंतीवरची पाल चुकचुकते, टांगेवाला घोड्याला टिचकारतो. लिहायची वेळ आली की प्रत्येक जण आपल्या बुद्धीने "च्च", "चक्", "ट्च" असं काहीतरी खरडतो. भागवतांनी त्यातलाच एक आवाज उचलला, त्याचं एक ठाम स्पेलिंग ठरवलं आणि त्या एका स्पेलिंगवर आख्खं पोरगं उभं केलं. नाव न छापता नुसतं ट्टॉक छापलं तरी कोण बोललं ते कळतं.


बर्फाळ_बर्वे

इकडे जर्मनीत माझा मुलगा कधीपासून "बाबा, ट्टॉक!" करत हिंडतो. जर्मन शिक्षिकेला वाटलं त्याला उचकी लागलीय.


खुंटीवरची_टोपी

घोषअघोष यांचा प्रतिसाद वाचून माझा जुना सिद्धांत पुन्हा मांडायचा मोह होतोय. मांडतोच.

भागवत हे कानाने लिहिणारे लेखक. जन्म इंदूरचा, १९१० सालचा. लेखक म्हणून सगळ्यांना ठाऊक असतात, पण त्याआधी दिल्लीला रेडिओत नोकरी केली होती आणि बेचाळीसच्या चळवळीत ती सोडली, हे फार जणांना माहीत नसतं. पुढे "बालमित्र" मासिक काढलं, १९५१ मध्ये. पत्नी लीलावती भागवत यांचं नाव आकाशवाणी मुंबईच्या "वनिता मंडळ" या बायकांच्या कार्यक्रमाशी जोडलेलं, आणि त्या स्वतः मुलांसाठी लिहीत. म्हणजे त्या घरात रेडिओ नुसता वाजत नव्हता, पोट भरत होता. अशा घरातल्या माणसाला शब्द दिसतो कसा याच्या आधी वाजतो कसा हे सुचणारच.

पुस्तकांची नावंच मोठ्याने म्हणून बघा. "ट्रिंग ट्रिंग फास्टर फेणे". "टिक टॉक फास्टर फेणे". "चिंकूचे चाळे". "काश्मिरी करामत". "गुलमर्गचे गूढ". अनुप्रासाची सवय नव्हे, व्यसनच! त्यांच्या इतर नायकांची नावं घ्या, नंदू नवाथे, बिपिन बुकलवार. मुलं पुस्तक मागायला वाचनालयात जातात तेव्हा नाव तोंडात घोळवत जातात, हे त्यांना पक्कं ठाऊक असणार.


मुनगावची_मुन्नी

"बिपिन बुकलवार" वरून आठवलं. आमच्याकडे विदर्भ-मराठवाड्यात आडनावाच्या शेवटी "वार" घरोघरी. त्यामुळे मला ते आडनाव लहानपणी खरंच वाटायचं. आमच्या गल्लीत कुणी बुकलवार कसे नाहीत, याचं आश्चर्य वाटायचं. मोठेपणी ट्यूब पेटली. पुस्तकात डोकं खुपसून बसणारा पोरगा म्हणून "बुक", आणि वेळ आली की चोरांना "बुकलणारा" म्हणून बुकल. एका आडनावात दोन विनोद, वर अस्सल वऱ्हाडी शिक्का!


तळटीप

बुकलणे!!! हे मला आत्ता कळतंय. आयुष्यभर मी नुसतं "बुक" पर्यंतच पोचले होते.


शंकासुर

सगळे जण स्मरणरंजनात गुंगले आहेत, म्हणून कुणीतरी विरजण घालायला हवं.

मी दोन वर्षांपूर्वी पुन्हा वाचली. भाषा गोड आहे, मान्य. पण कथानकं? बन्या सुट्टीत जिथे जातो तिथे स्मगलर, हेर, चोर आधीच येऊन बसलेले. काश्मीरला जा, हजर. प्रतापगडावर जा, हजर. विमानात बस, तिथेही विमानचोर. त्याच्या पालकांनी त्याला बाहेर पाठवणं बंद केलं असतं तर देशातली गुन्हेगारी निम्म्यावर आली असती. आणि "रणरंग"मध्ये शाळकरी पोरगं थेट नेफाच्या (आजच्या अरुणाचलच्या) युद्धात? आज कुणी असं लिहिलं तर आपणच म्हणू, अहो, मुलांना युद्ध म्हणजे खेळ वाटेल.

दुसरं, मुली कुठे आहेत? असल्याच तर गोष्टीच्या कडेला. सायकल मुलाकडे, ट्टॉक मुलाकडे, डोकं मुलाकडे. तळटीपताई, तुमची लेक विचारेल तेव्हा काय सांगाल?


खुंटीवरची_टोपी

शंकासुर, गुन्हेगार बन्याआधी हजर असतात ही तक्रार म्हणजे सत्यनारायणाच्या कथेत साधुवाण्याची नौका बुडतेच कशी, असं विचारण्यासारखं आहे. गोष्टीचा तोच नियम. आमच्या वडिलांच्या पिढीकडे रहस्यकथावाले अर्नाळकर होते. तिथे झुंजार नुसता आला तरी खून पडायचा.

रणरंगबद्दल मात्र जरा थांबा. १९६२ चा हिवाळा आमच्या घरात अजून आठवला जातो. आजीने संरक्षण निधीला आपली वाटी दिली होती, मंगळसूत्रातली. तेव्हा चीनचं आक्रमण हा वर्तमानपत्रातला विषय नव्हता, चुलीपाशी बोलला जाई. शाळेतली मुलं रस्त्यावर डबे घेऊन पैसे गोळा करत. अशा वेळी पोरांना वाटायचंच की आपणही तिथे जाऊन काहीतरी करावं. भागवतांनी त्या वाटण्याला सायकल दिली, एवढंच.


शंकासुर

युक्तिवाद भावनिक आहे, पण "वाटी"पाशी मी गप्प. मुलींचा मुद्दा तसाच उभा.


मुनगावची_मुन्नी

तो मुद्दा बरोबरच आहे, आणि तो काही एकट्या भागवतांचा दोष नव्हता. तरी त्या आधीच्या पिढीत ताम्हणकरांनी गोट्यासोबत "चिंगी" लिहिलीच होती ना! गोट्या टीव्हीवर आला, "बीज अंकुरे अंकुरे" आजही लोकांना पाठ आहे, आणि चिंगी विसरली गेली. म्हणजे लिहिणाऱ्याने मुलगी दिली तरी आठवण ठेवणाऱ्यांनी मुलगाच ठेवला. माझ्यापुरतं सांगायचं तर सातवीत असताना मी स्वतःच फास्टर फेणे होते. वाड्यातल्या दोन मुलांना मी हाताखाली ठेवलं होतं. त्यांनी कधी तक्रार केली नाही.


जिंतुरी

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. शहरातल्या लोकांनी ही पुस्तकं "पुणेरी" म्हणून बाजूला सारू नयेत, एवढ्यासाठी लिहितो.

आमच्या पोरांनी पुणं पाहिलेलं नाही. ऊसतोडीला गेलेल्या दोन-तीन घरांची पोरं तेवढी हडपसरच्या पलीकडून गेलेली असतील. मी पहिलं प्रकरण वाचलं आणि मला धास्ती होती की हे शाळा-वसतिगृह-पुणं त्यांना परकं वाटेल. पण पोरांनी धरलं ते भलतंच. "सर, तो पुण्याचा नाहीये, फुरसुंगीचा आहे. तो गावचाच आहे."

मी हे आधी कधी असं पाहिलंच नव्हतं. बन्या हा खेड्यातून मोठ्या शाळेत आलेला पोरगा. किडकिडीत. शहरातल्या पोरांना कायम दोन पावलं मागे टाकणारा, कारण त्याला वेगाने पळायची आणि डोळे उघडे ठेवायची सवय गावानेच लावलेली. शहराने त्याला नाव दिलं ते इंग्रजी, "फास्टर". आडनाव गावचं तसंच राहिलं. आमच्या वर्गाचं म्हणणं, "फास्टर" शहराने लावलं आणि "फेणे" घरून आणलं. सातवीतल्या पोरीने सांगितलेलं आहे हे, माझं नाही.


कचराडेपो_वासी

जिंतुरी सर, तुमच्या पोरांना कळवा की फुरसुंगी आता गाव राहिलेलं नाही. मी तिथेच राहतो. २०१७ च्या ऑक्टोबरात ते पुणे महापालिकेत गेलं. त्याच महिन्यात "फास्टर फेणे" सिनेमा लागला, त्यामुळे आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर "बन्या महापालिकेत" असे विनोद चार दिवस चालले. २०२४ मध्ये परत महापालिकेतून काढून वेगळी नगरपरिषद केली. उरुळी-फुरसुंगीचा कचरा डेपो सगळ्या पुण्याला ठाऊक आहे, आमचं गाव मात्र त्याच नावाने ठाऊक झालंय. बन्या आज सायकलवरून पुण्याला निघाला तर हडपसरच्या गाडीतळापाशीच गोष्ट संपेल. चोर पकडायला वेळच उरणार नाही.


खुंटीवरची_टोपी

हडपसर चौकात आज चोरही अडकतील, म्हणजे हिशेब बरोबर.


भुसावळ_जंक्शन

धागा फेण्यावर अडकलाय म्हणून रूळ बदलतो. तळटीपताईंच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर: ज्यूल व्हर्न, तो फ्रेंच विज्ञानकथाकार. भागवतांनी मराठीत आणलेला.

त्यांची नावं बघा. "चंद्रावर स्वारी", "पाताळलोकची अद्भुत यात्रा", "समुद्र सैतान". हे सगळे सरळ आहेत. पण दोन नावांपुढे मी हात टेकतो. व्हर्नची "हेक्टर सर्वदाक" नावाची कादंबरी आहे. गालिया नावाचा धूमकेतू पृथ्वीला घासून जातो आणि आफ्रिकेच्या किनाऱ्याचा एक तुकडा, वर असलेल्या माणसांसकट उचलून घेऊन जातो. मूळ नावात व्हर्नने एक काळा विनोद लपवलाय, सर्वदाकचं फ्रेंच स्पेलिंग उलटं वाचलं की "प्रेतं" असा शब्द निघतो. मराठीत हा विनोद आणायचा कसा? भागवतांनी आणलाच नाही. त्यांनी आपला एक नवाच केला. पुस्तकाला नाव दिलं "मुक्काम शेंडेनक्षत्र". म्हणजे पोस्टकार्डावर पत्ता लिहावा तसा! मु. पो. शेंडेनक्षत्र, तालुका आकाश. माणसं धूमकेतूवर अडकलीत, आणि लेखक तुम्हाला सांगतो की पत्र पाठवायचं असेल तर पत्ता हा.

दुसरं "झपाटलेला प्रवासी". ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणारा फिलिअस फॉग. झपाट्याने जाणारा म्हणून झपाटलेला, आणि पैजेचं भूत मानगुटीवर बसलंय म्हणूनही झपाटलेला. मराठीतल्या एका शब्दाला वेग आणि भूत दोन्ही आहे, हे त्यांनी हेरलं आणि मूळ नावातला आकडा खुशाल सोडून दिला.


घोषअघोष

क्या बात! मुक्काम शेंडेनक्षत्र माझ्या घरी होतं, पण त्याकडे पत्ता म्हणून मी कधी पाहिलं नव्हतं. आणि "शेंडेनक्षत्र" हा शब्दही तसा आता मागे पडलाय, मुलांना "धूमकेतू"च शिकवतात. शेंडी असलेलं नक्षत्र. मुलाला हे सांगितलं तर चित्र लगेच डोळ्यांपुढे येतं, धूमकेतूने तेवढं येत नाही.


भुसावळ_जंक्शन

फॉगच्या प्रवासात आमच्या पट्ट्याचा मोठा वाटा आहे, म्हणून अवांतर करतो. भुसावळवाल्याने एवढं तरी करायचं की नाही?

फॉग लंडनहून २ ऑक्टोबर १८७२ ला निघतो. २० तारखेला मुंबईत उतरतो, ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी. त्याचा नोकर पासपार्तू मलबार हिलवरच्या देवळात बूट घालून घुसतो, पुजारी त्याला बुकलतात (मुन्नीताई, बुकलवार!), आणि तो अनवाणी, टोपीविना धावत कशीबशी गाडी पकडतो. मग गाडी घाट चढते, खानदेशातून जाते, मालेगावचा उल्लेख येतो, आणि बऱ्हाणपूरला थांबते. तिथे पासपार्तू खोट्या मोत्यांनी मढवलेल्या देशी सपाता विकत घेतो. पुढे असीरगडाचा किल्ला लागतो.

व्हर्न स्वतः हिंदुस्थानात कधीच आला नव्हता. नकाशे, वेळापत्रकं, प्रवासवर्णनं वाचून त्याने हे सगळं उभं केलं. आणि गंमत पुढे आहे. त्याच्या कादंबरीत रूळ मधेच संपतात, अलाहाबादपर्यंतचे पन्नास मैल बांधायचे राहिलेत, म्हणून फॉगला हत्ती विकत घ्यावा लागतो. प्रत्यक्षात मुंबई ते कलकत्ता रेल्वेमार्ग १८७० मध्येच जोडून झाला होता. म्हणजे फॉगला हत्तीची गरजच नव्हती! पण हत्तीशिवाय गोष्ट कशी होणार?

मी लहानपणी हा भाग वाचत असताना खिडकीबाहेर आमच्या यार्डात इंजिनांची ये-जा चालू असायची. पॅरिसमधल्या माणसाने कल्पनेने काढलेली गाडी आपल्या दारावरून गेली, हे भागवतांमुळे कळलं. नाहीतर मी काही फ्रेंच वाचायला बसणार नव्हतो.


तळटीप

हे मस्तच. लेकीला बऱ्हाणपूरचा नकाशा दाखवला तर तिने आधी विचारलं, "तिथे अजून सपाता मिळतात का?"


बर्फाळ_बर्वे

मला व्हर्न नेहमी थोडा संथ वाटला, भागवतांच्या मराठीतसुद्धा. शास्त्र समजावायला लागला की पानंच्या पानं जातात. चंद्रस्वारीत तोफ किती फूट लांब, किती बारूद, हे आकडे मुलगा ऐकत नाही, उशीवर पाय आपटतो. फेणे मात्र एका बैठकीत संपतो. आठ वर्षांच्या मुलीसाठी मी आधी फेणे सांगेन, व्हर्न दहा-अकरानंतर.


जिंतुरी

आमच्याकडे उलटं झालं. तोफ नऊशे फूट लांब म्हटल्यावर पोरं उठली आणि मैदानात पावलं टाकून मोजायला लागली. मैदान संपलं, रस्ता ओलांडला, तोफ काही संपेना. शेवटी एकाच्या शेतात जाऊन थांबली. आकडे वाचायचे नसतात, चालायचे असतात, असा शोध लागला त्या दिवशी.


बर्फाळ_बर्वे

सर, तुमच्या शाळेत प्रवेश मिळेल का? वय ४१, वजन विचारू नका.


शंकासुर

सिनेमाबद्दल कुणीच का बोलत नाही? आदित्य सरपोतदारचा, अमेय वाघचा. बन्याला थेट कॉलेजवयात आणलं, वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा घोटाळा घातला. मला तो आवडला होता, पुस्तकांपेक्षा कमी भाबडा वाटला. गिरीश कुलकर्णींचा खलनायक तर भीती वाटावी असा.


खुंटीवरची_टोपी

सिनेमा चांगला होता, पण माझ्यासाठी त्यातला सगळ्यात गोड भाग म्हणजे दिलीप प्रभावळकर भा. रा. भागवत होऊन आले. लेखकच आपल्या पात्राच्या गोष्टीत! आणि प्रभावळकर स्वतः बोक्या सातबंडेचे बाप. एका खट्याळ पोराच्या लेखकाने दुसऱ्या खट्याळ पोराच्या लेखकाचं सोंग घ्यावं, यापेक्षा मोठा मान काय असतो? मला त्यातली मारामारी आता आठवत नाही, ते एक पात्र आठवतं.

त्याच्या आधी दूरदर्शनवर मालिका होती, सुमीत राघवन फास्टर फेणे. आमच्या चाळीत एकच टीव्ही, तोही तळमजल्यावर. जिन्यावर पोरांची रांग. त्या सुमीतला बघून आमच्यातल्या निम्म्या पोरांनी चौकडीचा शर्ट शिवून घेतला.


मुनगावची_मुन्नी

तळटीपताई, वाचून दाखवायचं असेल तर एक कानमंत्र. भागवत वाक्य लांबवतात, मधे कंसात स्वतःच काहीतरी बोलतात, वाचकाला कोपरखळी मारतात. मोठ्याने वाचताना ते कंस खालच्या आवाजात वाचा, शेजारी बसलेल्याला चुगली सांगावी तसे. मी माझ्या भाच्यांना असं वाचलं तर ती गोष्टीपेक्षा कंसाचीच वाट बघायला लागली. "आता परत कंस कधी येणार?"


तळटीप

कंस! हो, मी ते सरळ आवाजात वाचून टाकत होते आणि ते सपाट पडत होतं. आज रात्री प्रयोग.


घोषअघोष

हेही रेडिओचंच बघा. नाटकात बाजूला वळून बोलतात, तसं. टोपीकाकांचा सिद्धांत भक्कम होत चाललाय.

अनुवादाबद्दल एक सावध शंका मात्र मांडतो. रूपांतर करणाऱ्याने इतका स्वतःचा आवाज घातला की मुलं मोठी होऊन मूळ व्हर्न वाचतात तेव्हा त्यांना व्हर्न बेचव वाटतो. मला वाटला होता. आता ही भागवतांची ताकद म्हणायची की व्हर्नवर अन्याय?


भुसावळ_जंक्शन

व्हर्नवर अन्याय इंग्रजांनीच आधी केला होता. जुन्या इंग्रजी भाषांतरांनी परिच्छेदच्या परिच्छेद गाळले, पाताळयात्रेतल्या प्राध्यापकाचं तर नावच बदलून टाकलं. लिडेनब्रोकचा हार्डविग झाला. त्या मानाने भागवतांनी व्हर्नला पाटावर बसवून जेवू घातलंय. आग्रह जरा जास्त झाला असेल, एवढंच.


कचराडेपो_वासी

अवांतर: "किशोर" मासिकाचे जुने अंक बालभारतीने ऑनलाइन फुकट ठेवलेत. १९७१ पासूनचे. लहान मुलांना मोठं पुस्तक झेपत नसेल तर तिथून सुरुवात करा. फेण्याचा वीस पुस्तकांचा संच उत्कर्ष प्रकाशनाकडे मिळतो. मी घेतला, पण घरात वाचतोय मीच. मुलगा म्हणतो सायकलवर एवढं कोण जातं, ई-बाइक का नाही घेत तो.


शंकासुर

त्या मुलाचं नाव ठेवा, पुढचा शंकासुर तोच.


जिंतुरी

शेवटचं एक सांगतो, मग पेपर तपासायचेत.

घोषअघोष यांनी लिहिलेलं ट्टॉकचं शास्त्र काल वर्गात सांगितलं. जीभ टाळूला, दबा धरा, ओढा. एकतीस पोरं. तीन म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम केलं. पुन्हा केलं. मग कुणी थांबेना. मुख्याध्यापक कार्यालयातून बाहेर आले, आधी आभाळाकडे बघितलं, मग आमच्या वर्गाच्या पत्र्याकडे. म्हणाले, "गुरुजी, गारा पडतायत का?"

पोरांनी उत्तर दिलं. एकाच आवाजात.


तळटीप

हसून हसून डोळ्यांतून पाणी आलं. सर, त्या पोरांना माझ्याकडून एकेक पेढा.

आमच्याकडची बातमी: ट्टॉक जमलं. मला. लेकीचे पुढचे दोन दात परवाच पडले, तिला फक्त "थ्थॉक" येतंय. ती भयंकर चिडली आहे. दात येईपर्यंत पुस्तक बंद, असा हुकूम निघालाय.


घोषअघोष

दातांचा काही संबंध नाही हो! जीभ टाळूला लावायची आहे, दातांना नाही. जरा मागे न्यायला सांगा.


तळटीप

सांगितलं. तिचं म्हणणं, "त्या काकांचे दात पडलेत का? मग त्यांना काय कळतंय."


खुंटीवरची_टोपी

माझे पडलेत. खालचे चार. कन्येला सांगा, टोपीआजोबांना येतं अजून.